निष्ठेचा हिशेब फक्त खेळाडूंकडूनच का मागायचा?

नमस्कार. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या फ्री एजन्सीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: करार संपला की हवं तिथे जायची मुभा, म्हणजे फ्री एजन्सी, खेळाडूंना मिळाली आणि खेळातली निष्ठा संपली. बॉस्टनच्या बिल रसेलसारखे लोक एका संघासाठी अख्खी कारकीर्द द्यायचे. २०१६ मध्ये स्टार खेळाडू केविन ड्युरँट ओक्लाहोमा सिटीचा संघ सोडून गोल्डन स्टेट या संघात गेला, ती गद्दारी होती. आणि असंच चाललं तर लहान शहरांच्या संघांनी जिंकायचं कसं? मला यातलं बहुतेक पटत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

रसेल बॉस्टनला गेला तो स्वतःच्या मर्जीने नव्हे. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, त्याला सेंट लुइस हॉक्सने निवडलं आणि बॉस्टनने एड मॅकॉली आणि क्लिफ हेगन देऊन त्याला मिळवलं. पुढे १३ हंगामांत ११ विजेतेपदं आली. पण त्या काळात करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा. दाराला बाहेरून कडी असताना माणूस घरातच राहिला, तर त्याला निष्ठा कशी म्हणायची? ही कडी काढायला ऑस्कर रॉबर्टसनला कोर्टात जावं लागलं. १९७० मध्ये खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असताना त्याने दावा लावला, तडजोड झाली १९७६ मध्ये. आणि जुन्या संघाची आडकाठी न होता करार संपवून दुसरीकडे गेलेला पहिला खेळाडू टॉम चेंबर्स. तो सिएटलहून फीनिक्सला गेला १९८८ साली!

आजही ही मुभा वाटते तेवढी मोठी नाही. पहिल्या फेरीत निवडला गेलेला खेळाडू चार वर्षं ड्राफ्टच्या कराराने बांधलेला असतो. त्यानंतरही दुसऱ्या संघाने देऊ केलेली रक्कम स्वतः देऊन त्याला ठेवून घ्यायचा हक्क बहुधा जुन्या संघाला असतो. संघ मात्र त्याला न विचारता ट्रेड करू शकतो, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या संघाला देऊन टाकू शकतो. ‘मला विचारल्याशिवाय ट्रेड करायचं नाही’ हे कलम मागायलासुद्धा लीगमध्ये आठ वर्षं काढावी लागतात.

आता ड्युरँट. २००७ मध्ये त्याला निवडलं ते सिएटल सुपरसॉनिक्सने. एकच हंगाम झाला आणि मालकांनी अख्खा संघ उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला. सिएटलमध्ये तो संघ १९६७ पासून, म्हणजे ४१ हंगाम होता. शहराशी मालकांनी साडेचार कोटी डॉलरवर तडजोड केली आणि विषय मिटला. तिथल्या पिढ्यान् पिढ्यांच्या चाहत्यांचा संघ गेला, त्याला ‘व्यवसाय’ म्हणायचं आणि ड्युरँटने आठ हंगाम खेळून, करार पूर्ण करून शहर बदललं की ‘गद्दारी’? हे मला कधीच मान्य होणार नाही.

ड्युरँट गोल्डन स्टेटला गेल्यानंतरच्या दोन हंगामांत रंगत कमी झाली, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. २०१७ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांत, गोल्डन स्टेट १७ पैकी १६ सामने जिंकला. पण त्याचं कारण खेळाडूच्या स्वभावात शोधू नका. नव्या टीव्ही कराराचा पैसा आला आणि सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, एका झटक्यात ७ कोटींवरून ९.४ कोटी डॉलरवर गेली. त्यात गोल्डन स्टेटचा स्टार स्टेफ करी याचा करार २०१२ चा, घोट्याच्या दुखापतींच्या काळातला, म्हणून स्वस्त: चार वर्षांचा ४.४ कोटींचा. म्हणून ड्युरँटसाठी जागा झाली. कॅप टप्प्याटप्प्याने वाढवायचा प्रस्ताव खेळाडू संघटनेने फेटाळला होता. तिला दोष द्या, मी तुमच्या बाजूने आहे.

उलट बाजू बघा. २०१७ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाने आपल्या ब्लेक ग्रिफिनला थांबवण्यासाठी रिकाम्या स्टेडियममध्ये त्याची जर्सी छताकडे चढवण्याचा सोहळा रंगवला. तू कायमचा आमचा, असा त्याचा अर्थ. त्याने पाच वर्षांचा करार केला. जानेवारी २०१८ संपायच्या आत त्याला डेट्रॉइटला पाठवून दिलं. टोरोंटोचा डीमार डीरोझन तर २०१६ मध्ये दुसऱ्या कुठल्या संघाला भेटलासुद्धा नाही. दोन वर्षांनी त्यालाही ट्रेड केलं. त्या ट्रेडमधून कवाय लेनर्ड आला आणि टोरोंटो २०१९ चं विजेतेपद जिंकला, म्हणजे संघाचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण मग खेळाडूनेही स्वतःचं हित पाहिलं तर त्याला नावं ठेवू नका.

राहिला लहान शहरांचा प्रश्न. २०२५ चा विजेता कोण? ओक्लाहोमा सिटीच. २०१९ मध्ये त्यांच्या पॉल जॉर्जने ट्रेड मागितला, तेव्हा बदल्यात त्यांनी शे गिल्जस-अलेक्झांडर आणि ड्राफ्टच्या निवडींचा, म्हणजे पुढे नवे खेळाडू निवडायच्या हक्कांचा, ढीग मिळवला. त्यातल्याच एका निवडीतून जेलन विल्यम्स आला. आणि सेंटर आयझाया हार्टनस्टाइन २०२४ मध्ये फ्री एजंट म्हणूनच आला, तोही न्यूयॉर्क सोडून. नियमांमुळे न्यूयॉर्कला त्याला चार वर्षांचे साधारण सव्वासात कोटीच देता येत होते, ओक्लाहोमाने तीन वर्षांचे ८.७ कोटी दिले.