केंद्राचा कायदा आला म्हणजे राज्याचा गेला?

सध्या एक मेसेज खूप फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘घटनेच्या कलम २५४ प्रमाणे केंद्राचा कायदा नेहमीच राज्याच्या वर असतो. संसदेने कायदा केला की त्या विषयावरचे राज्याचे सगळे कायदे आपोआप रद्द होतात. विधानसभेने नंतर काहीही केले तरी उपयोग नाही, राष्ट्रपतींची संमती हा नुसता उपचार.’ शिकलीसवरलेली माणसेही हा मेसेज पुढे ढकलत आहेत, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवे.

केंद्राचा कायदा नेहमीच वर? कोणाचा कायदा मोठा हे नंतर ठरते, आधी विषय कोणाचा ते पाहतात. घटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन सूच्या आहेत: केंद्र सूची, राज्य सूची आणि दोघांनाही कायदा करता येतो अशी समवर्ती सूची. पोलीस, शेती, जमीन, सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्य सूचीत येतात. काही ठरावीक अपवाद सोडले तर तिथे संसदेला कायदाच करता येत नाही, मग वरचढ ठरण्याची गोष्ट दूरच. सहकाराचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. २०११ च्या ९७व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांच्या संचालकांची कमाल संख्या २१ आणि मुदत पाच वर्षे ठरवून टाकली. महाराष्ट्राने त्याप्रमाणे आपला १९६० चा कायदाही बदलला. पण सहकार हा राज्याचा विषय, आणि या दुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता घेतलेलीच नव्हती. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरत्या त्या तरतुदी रद्द केल्या. बहुराज्य संस्थांचा विषय केंद्राकडे असल्याने त्यांच्यापुरत्या त्या टिकल्या.

सगळे कायदे आपोआप रद्द? कलम २५४ चा खरा संबंध समवर्ती सूचीशी आहे. तिथेही राज्याचा कायदा विसंगतीपुरताच निष्प्रभ होतो, बाकीचा चालू राहतो. दोन्ही कायदे एकाच वेळी पाळता येत असतील तर दोन्ही टिकतात, हे १९७९ च्या करुणानिधी खटल्यात स्पष्ट झाले आहे. दहशतवादविरोधी केंद्रीय कायदा असताना मकोका, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, कसा, हा आक्षेपही २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला.

राष्ट्रपतींची संमती नुसता उपचार? मेसेजमधले सर्वांत चुकीचे विधान हेच. समवर्ती विषयावरचा राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असला, तरी राष्ट्रपतींची संमती मिळाली तर तो त्या राज्यापुरता चालतो. खेड, जुन्नर, आंबेगावातल्या कोणत्याही बैलगाडा मालकाला विचारा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा केंद्राचा, आणि विषय समवर्ती सूचीतला. तमिळनाडूने २००९ मध्ये जल्लीकट्टूसाठी, म्हणजे बैलाला काबूत आणण्याच्या तिथल्या खेळासाठी, स्वतःचा कायदा केला, पण त्याला राष्ट्रपतींची संमती नव्हती. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला, आणि त्याच निकालाने आपल्याकडचे घाटही, म्हणजे बैलगाडा शर्यतींची मैदानेही, बंद पडली. पुढे २०१७ मध्ये तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राने त्याच केंद्रीय कायद्यात आपापल्या राज्यापुरती दुरुस्ती केली आणि या वेळी राष्ट्रपतींची संमती मिळवली. महाराष्ट्राच्या दुरुस्तीनुसार शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम आदेशाने शर्यतींना मोकळीक मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. संसदेचा १९६० चा कायदा होता तिथेच आहे, तरी घाटात बाऱ्या, म्हणजे शर्यतीच्या फेऱ्या, सुटतात. शर्यती असाव्यात की नसाव्यात यावर मतभेद असू शकतात, पण संमतीला अर्थ नाही असे म्हणणाऱ्याने आधी २०१४ आणि २०२३ चे हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत.

मेसेजमध्ये थोडे तथ्य आहे, तेही सांगायला हवे. एकदा मिळालेली संमती कायमची ढाल होत नाही. त्याच विषयावर नवा कायदा करून राज्याचा कायदा बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार संसदेकडे राहतो. फ्लॅटधारकांसाठी महाराष्ट्राने २०१२ चा गृहनिर्माण कायदा संमतीसह केला होता. संसदेने २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियमन ठेवणाऱ्या केंद्रीय कायद्यात, कलम ९२ मध्ये, त्याचे नाव घेऊन तो रद्द केला. पश्चिम बंगालने रेराशी बराचसा सारखा असलेला स्वतःचा कायदा संमतीशिवाय रेटला आणि मे २०२१ मध्ये तो न्यायालयात पडला. आपले महारेरा, म्हणजे महाराष्ट्रातले रेरा प्राधिकरण, मात्र संसदेच्याच कायद्याखाली, राज्याने केलेल्या नियमांनुसार चालते.