गतिरोधक जितका उंच तितका रस्ता सुरक्षित? काहीही!

"गतिरोधक जितका उंच, तितके अपघात कमी. परदेशात ते लागत नाहीत, कारण तिथे शिस्त आहे. महापालिकेची वाट बघू नका, वर्गणी काढा आणि सोसायटीनेच घालून टाका. इंजिनिअर नुसते कागदी घोडे नाचवतात." हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. दुर्लक्षच केलं असतं, पण परवा आमच्या मामांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली मला विचारलं, "काय रे, गेटसमोर एक घालून घेऊ ना?" मामा सोसायटीचे चेअरमन आहेत. म्हणजे घालणारच.

आधी उंचीचं बघू, कारण खरा घोळ तिथेच आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या 'आयआरसी ९९' या मार्गदर्शिकेत गोलाकार गतिरोधकाची मापं दिली होती: उंची १० सेंटीमीटर, वाहनाच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, गोलावा १७ मीटर त्रिज्येचा. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास यावा, हा हेतू. यात कळीचा आकडा १० नाही, ३.७ आहे. एवढ्या रुंदीवर गाडी चढते आणि उतरते. वेगात गेलात तर अख्खी गाडी उसळते, म्हणून ड्रायव्हर आपोआप ब्रेक दाबतो.

सोसायट्या काय करतात? रात्री डांबराचा नाहीतर काँक्रीटचा हातभर रुंदीचा बांध टाकतात. तो जोरात ओलांडला तर चाक क्षणात वर-खाली होतं, हादरा सस्पेन्शन गिळतं आणि मोठ्या गाडीवाल्याला फारसं काही कळत नाही. हळू जाणाऱ्याचंच कंबरडं मोडतं. ज्याला अडवायचं तो सुटला, आणि अंधारात, पट्टे नसलेल्या त्या उंचवट्यावर स्कूटरवर मागे एका बाजूला बसलेल्या काकू उडाल्या. अँब्युलन्समधल्या मणक्याच्या पेशंटचं काय होत असेल, ते मामांनीच सांगावं.

परदेशाचं म्हणाल, तर ३.७ मीटर बाय १० सेंटीमीटर हा आकारच ब्रिटनच्या सरकारी रस्ते प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात चाचण्या घेऊन ठरला. शिस्तवाल्यांनाही लागतात हो!

"घालून टाका"बद्दल एवढंच: रस्ता सार्वजनिक आहे, सोसायटीचा नाही. ऑनलाइन मिळणारे रबरी तुकडे ठोकणाऱ्यांनाही तेच लागू. ते उखडले की खिळे रस्त्यावर राहतात.

आता इंजिनिअरांवरचा राग. फाईल महिनोन्‌महिने पडून राहते, हे खरं आहे, नाही म्हणत नाही. महापालिकेचे स्वतःचे कितीतरी गतिरोधकही मापात बसत नाहीत. वेग कमी झाला की पायी चालणारा वाचतो, हेही मान्य. पण त्यासाठी मापातला गतिरोधक हवा, त्याच्या थोडं आधी सूचनाफलक हवा आणि रात्री दिसतील असे पट्टे हवेत. मामा, क्षेत्रीय कार्यालयाला द्यायचा अर्ज मी लिहून देतो. ठेकेदाराला मात्र आजच नाही म्हणून कळवा.