याणाला जाताय? स्पीकर विसरू नका!

‘कर्नाटकात गोकर्णाला आलोच आहोत तर याणाचे सुळकेही उरकून टाकू,’ असा बेत असेल, तर आधी ब्लूटूथ स्पीकर चार्ज करून घ्या. पाणी नसलं तरी चालतं.

पायात चपलाच घाला. पावसाळ्यात जळवांनीही उपाशी का राहावं?

वाटेवरच्या दाट झाडीत धनेश पक्षी ओरडतो. त्याला गप्प करायला गाणं आहेच.

मग झाडी सरते आणि काळा कातळ अंगावर येतो. भैरवेश्वर शिखर 120 मीटर, शेजारचं मोहिनी शिखर 90. सह्याद्रीत असूनही हा आपला रोजचा बसाल्ट नव्हे, चुनखडी आहे. हवेतला नि मातीतला कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात उतरतो, पाणी किंचित आंबट होतं आणि दगड विरघळवत जातं. या कपारी, हे सुळके त्यातूनच झाले. पाण्याला युगं लागली. तुम्ही गाडीच्या किल्लीने दोन मिनिटांत कोरू शकता. बदाम काढा, बाण काढा. गावाचं नावही लिहा, म्हणजे कोणाचं कार्टं ते कळेल.

वर मात्र बघू नका. वर आग्या मोहोळं लटकलेली असतात. परवा आमच्या पुढच्या टोळक्याने (मराठीच, गाडीचं पासिंगही आपल्याकडचं) बरोबर त्यांच्याखाली स्पीकर ठेवला. आवाज पूर्ण. एकाने सिगारेट पेटवली. म्हटलं, ‘अरे बाबांनो, वर मोहोळ आहे.’ ‘काका, एंजॉय करायला आलोय, तुम्हीपण करा ना!’ पाचव्या मिनिटाला माश्या उठल्या. एंजॉय करणारे धूम पळाले, स्पीकर मागे वाजतच राहिला. आणि डसल्या कोणाला? नातवाचा हात धरून पायऱ्या चढत असलेल्या एका आजींना. ओढणीत गुंडाळून त्यांना खाली आणलं, तर हे पार्किंगमध्ये स्वतःच्याच पळापळीचा व्हिडिओ बघून खिदळत होते!

इथली काळी माती म्हणजे भस्मासुराची राख, असं सांगतात. त्याने निदान हात स्वतःच्या डोक्यावर तरी ठेवला.

लाजा वाटत नाहीत? गाणीच ऐकायची होती तर घरी बसायचं होतं. त्या म्हातारीने काय घोडं मारलं होतं तुमचं? एकाने तरी खाली येऊन विचारलं, आजी कशा आहेत?

आजी बऱ्या आहेत. आणि माश्या निवल्यावर संध्याकाळी वर जाऊन तो स्पीकर मी उचलून आणलाय. मिळणार नाही.