फ्रिज उघडावा तो मागून

फ्रिज कधी बिघडतो यावर फार डोकं शिणवू नका. तो मे महिन्यात बिघडतो. भाचरं सुट्टीला आलेली असतात, पातेलंभर आमरस आत ठेवलेला असतो, फ्रीजरमध्ये जानेवारीपासून जपलेली सोललेल्या मटारची पिशवी असते, आणि त्या दिवशी रविवार असतो. यात दैवाचं काही कारस्थान नाही. बाहेर बेचाळीस अंश असले की आतली उष्णता बाहेर फेकताना कॉम्प्रेसरला धाप लागते. संध्याकाळी सगळ्या सोसायटीचे एसी एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि एखादं म्हातारं यंत्र बसकण मारतं. पण ही झाली कारणं. आपल्याला दुरुस्ती करायची आहे, कारणांशी काय देणंघेणं?

सगळ्यात महत्त्वाचं, मेकॅनिकला फोन करायचा नाही. तो नुसता दारात उभा राहण्याचे पाचशे रुपये घेतो आणि त्याला व्हिजिट चार्ज म्हणतो. तुम्ही तर घरातच राहता, म्हणजे तुमची व्हिजिट फुकट. हा हिशेब बायकोला, आईला आणि शक्य असेल तर जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांनाही मोठ्या आवाजात सांगून टाका. एकदा सांगितलं की माघार घेता येत नाही. टेस्टर, पक्कड, पाना ही सगळी दुय्यम अवजारं. घरगुती दुरुस्ती खरी चालते ती या माघार न घेता येण्यावर.

मग निदान. ते नेहमी लांबून करावं. पंख्याखाली बसून, डोळे अर्धवट मिटून म्हणायचं, "गॅस गेला." फ्रिजमधला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच तो वर्षानुवर्षं फिरत राहतो, कुठे भोक पडल्याशिवाय तो जातच नाही, असं घरातलं एखादं शिकलेलं पोर म्हणेल. त्याला विचारा, "तू इंजिनिअर आहेस का?" असलाच तर विचारा, "मेकॅनिकल का?" नसतोच. हल्ली सगळे कॉम्प्युटरवालेच असतात.

आमच्याकडे त्या रविवारी सकाळपासून फ्रिजच्या मागून आवाज येत होता. घुंऽऽ... टक. मग चार-पाच मिनिटं शांतता. मग पुन्हा घुंऽऽ... टक. आई दोनदा म्हणाली, "अरे, मागून काहीतरी टकटकतंय." मी म्हणालो, "गॅस जाताना येतो तसा आवाज." आईने पुढे काही विचारलं नाही. तिने उठून माठ विसळायला घेतला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

या टप्प्यावर एक मोठा धोका असतो, तो म्हणजे साधं कारण सापडण्याचा. कोबीचा गड्डा कोंबताना थर्मोस्टॅटचं चक्र फिरून शून्यावर गेलेलं असू शकतं. प्लग सैल असू शकतो. दाराचं रबर ढिलं पडलेलं असू शकतं, आणि ते तपासायला दहाची नोट दारात धरून दार लावायचं व नोट ओढायची, एवढंच लागतं. सुळकन निघाली तर गार हवा तिथून पळतेय. मग साबणाच्या कोमट पाण्याने ते रबर पुसायचं, हेअर ड्रायरने जरा शेकायचं, की बरेचदा पुन्हा चिकटतं. फ्रिजच्या बाजू गरम लागतात म्हणून हादरणारे लोकही असतात. नव्या फ्रिजच्या कंडेन्सरच्या, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या, नळ्या पूर्वीसारख्या पाठीवर जाळी होऊन दिसत नाहीत, त्या बाजूच्या पत्र्याआड असतात. तिथे हात लावल्यावर गरम लागणार नाही तर काय होणार? असल्या तपासण्या एखादी मावशी दहा मिनिटांत, पदर खोचून, एक पैसा न घालवता उरकते. म्हणूनच त्या टाळाव्यात. दुरुस्ती झाली, पण पाना लागला नाही, असं चारचौघांत सांगणार कसं?

आता बर्फ. एकदारी, साध्या फ्रिजच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा जो अमरनाथ साचतो, तो वितळवण्यासाठी थर्मोस्टॅटच्या चक्राच्या मधोमध एक छोटं बटण दिलेलं असतं. रात्री ते दाबावं, खालचा ट्रे रिकामा करून ठेवावा आणि झोपावं. सकाळी बर्फाचं पाणी झालेलं असतं. घाई असेल तर प्लग काढून आत गरम पाण्याचं भांडं ठेवावं. पण ही वाट बघणाऱ्यांची पद्धत झाली. तुम्ही उलथनं घ्या.

चाकूही चालतो, पण उलथन्याला पकड चांगली. उजव्या हातात उलथनं, डाव्या हातात लाटणं, छिन्नी-हातोड्यासारखं. पहिले चार ठोके फार सुखाचे असतात. बर्फाचे ढलपे सटासट उडतात, एखादा चष्म्यावर बसतो, भाचरं टाळ्या पिटतात. आपण वेरूळला मंदिर कोरतोय असं वाटायला लागतं. बर्फाखाली जो अॅल्युमिनियमचा पत्रा असतो, तो फ्रीजरचा नुसता डबा आहे असा आपला समज असतो. प्रत्यक्षात दोन पातळ पत्रे एकमेकांना चिकटवून, मध्ये पोकळ वाटा फुगवून तो केलेला असतो आणि गॅस त्या वाटांमधूनच फिरतो. म्हणजे तुम्ही भिंत खरवडत नसता, शिरेवर उलथनं मारत असता. पाचव्या ठोक्याला हाताला एकदम मऊ लागतं. आणि मग तो आवाज येतो. फार मोठा नाही. सायकलच्या ट्यूबमधला व्हॉल्व्ह दाबल्यासारखा फुस्सऽऽ, पण लांबलचक, न संपणारा. त्यावर बोट दाबून धरायचं असतं. का, ते विचारू नका. प्रत्येक जण धरतो.

एवढं झाल्यावर निदान तरी खरं ठरतं. गॅस गेला.

कॉम्प्रेसरवर एक पिवळा त्रिकोण चिकटवलेला असतो आणि त्यात ज्वाळेचं चित्र असतं. आपल्याकडे ते सजावट म्हणून बघितलं जातं. नव्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन भरलेला असतो, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा चुलतभाऊ. सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो, फ्रिजमध्ये जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम, तेव्हा त्याचं काय एवढं कौतुक, असा हिशेब करणारे आहेत. ते पन्नास ग्रॅम फ्रिजच्या बंद कपाटात कोंडले आणि एखादी ठिणगी पडली, तर हा हिशेब तपासायला कुणी उरत नाही. भित्री माणसं अशा वेळी खिडक्या उघडतात, कुठल्याही बटणाला हात लावत नाहीत आणि घराबाहेर जाऊन उभी राहतात. आमच्याकडे फुस्स झालं तेव्हा चार हातांवर देवापुढे निरांजन तेवत होतं. आमचा फ्रिज जुना, न पेटणाऱ्या आर-१३४एवरचा निघाला, म्हणून हा लेख लिहायला मी आहे.

ज्यांच्या फ्रिजमध्ये बर्फ साचतच नाही, त्या फ्रॉस्ट-फ्रीवाल्या भाग्यवंतांनी नाराज होऊ नये. त्यांच्या भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं. आत मागच्या बाजूला एक भोक असतं, त्यात कोथिंबिरीची काडी अडकलेली असते. पिचकारीने कोमट पाणी सोडलं की मोकळं होतं. तुम्ही अर्थातच आतलं सगळं पॅनेल उचकटा. थर्माकोल तुटेल, प्लॅस्टिकच्या कड्या कटकट मोडतील, मागे एक हीटर सापडेल आणि "फ्रिजमध्ये हीटर? इथेच तर लोचा आहे!" म्हणून तुम्ही त्याची वायर काढून ठेवाल. दोन दिवसांनी तुमच्याकडेही बर्फ साचायला लागेल. मग वरचा उलथन्याचा परिच्छेद पुन्हा वाचा.

फ्रिजची मागची बाजू हे खरं कार्यक्षेत्र. फ्रिज पुढे ओढला की त्याखाली घराचा इतिहास सापडतो. आमच्याकडे एक वाळकी पाल, खेळण्यातल्या जीपचं चाक, बायकोची हरवलेली कुडी (जिच्यावरून एका मोलकरणीवर उगाच संशय घेतला गेला होता) आणि एका मुंजीची पत्रिका सापडली. त्या मुंजीतला बटू आता नोकरी करतो. कॉम्प्रेसरच्या डोक्यावर एक पसरट ट्रे असतो, हेही तेव्हाच कळलं. आतलं पाणी नळीने त्यात येतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जातं. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरात येऊन "फ्रिजमागचा ट्रे दाखवा" म्हणतात, तेव्हा आपण त्यांना खुळ्यात काढतो. त्यात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या वळवळत असतात. आम्ही तो ट्रे अकरा वर्षांनी पहिल्यांदा बघितला. वर्णन करत नाही, तुम्ही जेवून बसला असाल.

इथे एका माणसाने बॅटरी धरायची असते. ती बायकोने धरायची, असा संकेत आहे. बॅटरी कुठेही धरली तरी ती चुकीच्या जागी असते. "इकडे धर... इकडे म्हणजे माझ्या इकडे... डोळ्यांत नको!" घुंऽऽ-टकचं खरं कारण त्या उजेडातच, कॉम्प्रेसरच्या कुशीला लागलेल्या काळ्या डबीत असतं. सुपारीच्या डबीएवढा रिले, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू होताना हात देणारा स्विच, आणि त्याच्या शेजारी त्याला जास्त तापू न देणारा ओव्हरलोड. कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो, उठता येत नाही, तापतो, ओव्हरलोड टक करून वीज तोडतो, गार झाल्यावर पुन्हा जोडतो. काढून कानाशी हलवला आणि आत खुळखुळा वाजला, की रिले फुटलेला. फ्रिजवाले तो दहा मिनिटांत बदलतात. काही धाडसी मंडळी ओव्हरलोडला वगळून वायर थेट जोडतात, त्याला डायरेक्ट करणं म्हणतात. मग टक होत नाही. थोड्या वेळाने वास येतो, आणि रिलेवर भागणारं काम कॉम्प्रेसर बदलण्यावर जातं. शेजारी कपॅसिटर असलाच, तर प्लग काढल्यावरही तो करंट धरून बसतो आणि ज्याने हात लावला त्याला आपली ओळख पटवून देतो.

मध्ये कंटाळा आला तर मोबाइलवर व्हिडिओ बघा. त्यातला फ्रिज तुमचा नसतो, त्यातला माणूस रोज बारा फ्रिज उघडतो, आणि अवघड भाग येताच कॅमेरा हलतो. तरी बघा, धीर येतो. कुणी "आपलं काम आहे का हे?" म्हणालं तर आइन्स्टाइनचं नाव घ्या. त्याने लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर फ्रिज बनवला होता, १९३० साली त्यांना अमेरिकेत पेटंटही मिळालं. एकही हलता भाग नसलेला फ्रिज. तो बाजारात कधी आला नाही आणि त्याने घरातला फ्रिज उलथन्याने उघडल्याची नोंद नाही, हे सांगायची गरज नाही.

एव्हाना घरात अन्नसत्र सुरू झालेलं असतं. आमरस तिन्ही मजल्यांवर वाटला गेला. दूध तिसऱ्यांदा तापवलं गेलं. विरजणाचं ताक, ताकाची कढी झाली. मटार एका दमात संपवायचे म्हणून रात्री मटार-उसळ, मटार-भात आणि, मुलांच्या हट्टाखातर, मटार-सँडविच. आई माठातलं पाणी पीत म्हणाली, "आमच्या वेळी फ्रिज नव्हता, पण काही वाया जात नसे." ती हे माझ्याकडे बघून म्हणाली नाही. उलथन्याकडे बघून म्हणाली.

सोमवारी मेकॅनिक बोलवावा. तो आल्याबरोबर डॉक्टरसारखा विचारतो, "आधी कुणी हात लावला होता का?" उत्तर सगळ्या महाराष्ट्रात एकच आहे: "छे हो! काल रात्रीपर्यंत मस्त चालू होता." म्हणताना पट्टी बांधलेलं बोट मागे लपवावं. आमच्याकडे आलेला मुलगा पंचविशीचाही नसेल. त्याने फ्रीजरचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं, पत्र्यावरून अंगठा फिरवला आणि बाहेर न बघता विचारलं,

"काका, चाकू की उलथनं?"

मी बायकोकडे बघितलं. तिने बॅटरी खाली ठेवली.

मग तो मागे गेला, काळी डबी काढली, कानाशी हलवली. खुळखुळ. "रिले होता नुसता," तो म्हणाला. "अडीचशेचं काम." आता फ्रीजरच बदलावा लागेल, नळ्या जोडायच्या, फिल्टर नवा, पंपाने आतली हवा-ओल ओढून घ्यायची, मग मोजून गॅस भरायचा. एवढं करून या वयाच्या फ्रिजची तो हमी देईना. व्हिजिट चार्ज त्याने घेतला नाही. "राहू द्या काका," म्हणाला. तेच जास्त लागलं.

नवा फ्रिज हप्त्यांवर आला. जुना भंगारवाल्याला द्यायला जीव होईना, म्हणून गॅलरीत ठेवला आहे. त्यात आता वर्षभराचे पापड, कुरडया आणि इस्त्रीचे कपडे असतात. परवा सहज दारात दहाची नोट धरून बघितली. ओढली, निघेना. जोर लावला तेव्हा फाटली. रबर अजून एक नंबर आहे.