रॉयल जेलीने नर-मादी ठरत नाही, आणि भावाबहिणीचा मेळ लावून पेटी सुधारत नाही

मधमाश्यांवरचा एक लांबलचक मेसेज फिरत फिरत माझ्या मावसभावापर्यंत पोचलाय, त्याने नुकत्याच मधपेट्या घेतल्यात आणि तो त्याप्रमाणे करायलाही निघालाय, म्हणून लिहितेय. मेसेज म्हणतो, रॉयल जेली मिळाली तर अळीची मादी होते, नाहीतर नर. नराला बाप नसतो म्हणून तो आईची झेरॉक्स. आणि म्हणून चांगल्या राणीच्या मुलींचा मेळ तिच्याच नरांशी लावा, जात शुद्ध राहते.

खाण्याने फरक पडतो, हे मान्य. पण तो राणी की कामकरी एवढाच, आणि दोघीही माद्याच. फलित अंड्यात 32 क्रोमोसोम असतात आणि त्याची सहसा मादी होते, अफलित अंड्यात 16 आणि त्याचा नर होतो (दक्षिण आफ्रिकेतल्या केप मधमाशीचा अपवाद सोडा). नर अफलित अंड्यातून येतो हे मधमाश्या पाळणाऱ्या योहान झिएर्झोन या पाद्र्याने 1845 मध्येच सांगितलं होतं!

बाप नसतो हेही खरं, पण झेरॉक्स कशी? आईकडे प्रत्येक क्रोमोसोमच्या दोन प्रती असतात, त्यांतली एकच अंड्यात जाते, तीही अदलाबदल होऊन, त्यामुळे एकाच राणीचे दोन नर सारखे नसतात.

आता तो शुद्ध जातीचा सल्ला, जो खरंच पेट्या मारेल. मधमाशीत सीएसडी नावाचा एक जीन आहे. त्याच्या दोन वेगळ्या प्रती आल्या की मादी, एकच आली की नर, आणि फलित अंड्यात दोन्ही सारख्याच आल्या तर 32 क्रोमोसोम असूनही नरच. 2003 मध्ये मार्टिन बाये आणि सहकाऱ्यांनी 'सेल' जर्नलमध्ये हा जीन दाखवला. त्यांनी फलित अंड्यांत तो दाबला तर मादीऐवजी नराचे अवयव तयार झाले, अफलित अंड्यांत काहीच फरक पडला नाही. खाण्याचा वाद तिथेच मिटतो.

हिशोब करा. राणीकडे अ आणि ब प्रती आहेत, तिच्या मुलीकडे अ आणि क (क बापाकडून आलेली). या मुलीचा मेळ अ प्रतीच्या भावाशी लागला की त्याच्यापासून होणाऱ्या फलित अंड्यांतली निम्मी अ-अ निघणार. असल्या नर अळ्या अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच कामकरी माश्या खाऊन टाकतात, हे संशोधक येर्झी वोयके यांनी 1963 मध्ये दाखवलं, आणि त्याच अळ्या माश्यांपासून लांब ठेवून वाढवल्या तर जगल्या, म्हणजे त्या रोगट नव्हत्या. पण पेटीत त्या जगतच नाहीत, पोळ्यातल्या मेणाने झाकलेल्या घरांमध्ये जागोजागी रिकामी घरं राहतात, छर्रे मारल्यासारखी, आणि कामकरी माश्या कमी पडत जातात. राणी हवेत उडून दहा-वीस वेगवेगळ्या नरांशी मेळ करते, त्याने हाच धोका कमी होतो, आणि मेसेजवाले नेमकं तेच बंद करायला सांगतायत!

नर डंख मारतात असंही त्यात आहे. नराला नांगीच नसते.

भावाला सांगितलंय, नव्या राण्या वेगळ्या वंशाच्या पेट्यांतून आण, आणि रिकामी घरं दिसली तर लगेच याच कारणावर जाऊ नकोस, रोगही असू शकतो. आधी अंडी बघ. अंडी प्रत्येक घरात आहेत आणि लहान अळ्याच जागोजागी गायब आहेत, तर राणीचा मेळ कुणाशी झाला ते तपास.