भाजल्यावर आधी नळाकडे धावा

घराघरांत फराळाची कढई चढली की दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आमच्या रामबागेतल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एकाच दिवशी तीन जणींनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: भाजलं तर पाणी लावू नका, पाण्यानं फोड येतात. लगेच टूथपेस्ट थापा, नाहीतर हात मैद्याच्या डब्यात घाला. मग कच्चा बटाटा किसून बांधा किंवा अंड्याचा पांढरा भाग लावा. फोड आलाच तर सुईनं फोडा. मेडिकलमधून चांदीची पांढरी क्रीम आणा आणि जखम भरेपर्यंत तिचा जाड थर देत राहा. डॉक्टरांची गरज पडणार नाही.

मी इंदूरला एका हॉस्पिटलच्या बर्न वॉर्डात 21 वर्षं सिस्टर होते. ज्या मैत्रिणींनी हा मेसेज टाकला त्यांचा हेतू चांगलाच आहे, म्हणून ग्रुपवर वाद न घालता इथं सविस्तर लिहिते.

'पाण्यानं फोड येतात' हा समज कुठून आला ते समजण्यासारखं आहे. माणूस हात नळाखाली धरतो, तासाभरानं फोड वर येतो आणि दोष पाण्यावर जातो. खरं तर उष्णतेनं कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात, त्यांच्यामध्ये रक्तातलं पाणी झिरपतं, त्याचा फोड होतो. हात कोरडा ठेवला असता तरी तो आलाच असता, बहुतेक मोठा आला असता. चकलीचं तेल 170-180 अंशांवर असतं. ते पुसून टाकलं तरी कातडीत शिरलेली धग तिथंच राहते आणि खालचे थर शिजवत राहते. ती धग बाहेर काढायला वाहत्या गार पाण्यासारखं दुसरं काही नाही. पूर्ण 20 मिनिटं, घड्याळ बघून. पाचव्या मिनिटाला बरं वाटतं म्हणून हात काढून घेतात, तिथंच चुकतं. आणि आधी घाबरून अर्धा तास वाया गेला असला तरी आता उपयोग नाही असं समजू नका, भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा फायदा होतो.

कुणी म्हणेल, आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, 20 मिनिटं नळ सोडायला कुठून आणू? बरोबर आहे. एक स्वच्छ टब खाली ठेवा, हात त्यावर धरा आणि बादलीतलं पाणी तांब्यानं सावकाश ओतत राहा. टबात साठलेलं पाणी कोमट झालं की बदला, दोन बादल्यांत काम होतं. मे महिन्यात मात्र गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट घेऊ नका. दुपारी त्याचा स्वतःचाच चटका बसतो. अशा वेळी त्यात माठातलं पाणी मिसळा. बर्फ नको, फ्रीजरमधली पिशवीही नको. बर्फानं रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि आधीच दुखावलेल्या कातडीला थंडीनं वेगळी इजा होते. लहान मूल असेल तर भाजलेल्या जागेवरच पाणी सोडा, बाकी अंग चादरीत गुंडाळून ठेवा, लेकरं पटकन गारठतात. हातावर पाणी सुरू असतानाच बांगड्या आणि अंगठ्या काढून घ्या. तासाभरात बोटं सुजतात, आणि मग सोन्याची अंगठी कटरनं कापताना बाईला जखमेपेक्षा जास्त रडू येतं. ते मी अनेकदा पाहिलंय.

आता टूथपेस्ट. शेजारच्या वहिनींची सून एकदा कुकरच्या वाफेनं मनगटावर भाजली. मी पोचेपर्यंत दीड तास झाला होता. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा थर, उन्हात वाळलेल्या चुन्यासारखा तडकलेला. पेस्टमधल्या पुदिन्यानं दोन मिनिटं गार वाटतं, तेवढ्यावर लोकांचा विश्वास बसतो. पण तिच्यात दात घासायची बारीक पूड असते, फेस आणणारं रसायन असतं, आणि थर वाळला की आतली धग बाहेर पडायची वाट अडते. तो थर मी सलाइननं भिजवत, गॉझचे बोळे फिरवत अर्धा तास काढत होते. पोर दात आवळून बसली होती. दोन ठिकाणी पेस्टबरोबर फोडाची साल निघून आली. थर निघेपर्यंत भाजलेलं किती खोल आहे हे मला सांगता येत नव्हतं, आणि पुढचे सगळे उपचार त्या एका गोष्टीवर ठरतात. हळदीचंही तसंच. हळदीत गुण आहेत हे मीही मानते, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि पिवळ्या रंगाखाली कातडीचा खरा रंग दिसत नाही.

मैदा आणि अंडं यांवर फार लिहायला नको. मैदा ओल्या जखमेत लगदा होऊन बसतो. अंड्याच्या पांढऱ्या भागात कोलॅजन (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) असतं म्हणून नवी कातडी येते, असं मेसेजात म्हटलंय. पण त्या पांढऱ्या भागात मुख्यतः अल्ब्युमिन ही वेगळ्याच जातीची प्रथिनं असतात, आणि कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतू जखमेत जाऊ शकतात.

बटाट्याच्या मुद्द्यावर मात्र थांबावं लागेल, कारण त्यामागं एक खरी आणि अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. मुंबईच्या वाडिया हॉस्पिटलचे डॉ. केसवानी यांनी 1985 मध्ये बटाट्याच्या सालींच्या ड्रेसिंगवर शोधनिबंध लिहिला. परदेशी ड्रेसिंग गरिबाला परवडत नाही, मग जखमेला न चिकटणारं आणि ओल टिकवणारं स्वस्तात काय मिळेल, असा तो शोध होता. पुढं सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची ड्रेसिंग तपासली. पान मेणचट असतं, जखमेला चिकटत नाही, काढताना रुग्ण किंचाळत नाही. पण हे लक्षात घ्या: बटाट्याच्या उकडलेल्या साली गॉझवर लावून, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक करून मग वापरत. कामाची होती ती साल. किसलेला कच्चा गर नव्हे. बटाटा मातीतून येतो, आपल्या किसणीवर आणि ओट्यावरही जंतू असतातच. या डॉक्टरांच्या मेहनतीतून ऑटोक्लेव्ह गाळून मेसेजानं फक्त बटाटा उरवला, याचा मला राग येतो.

मधाचंही असंच आहे. सोलापूरचे डॉ. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये 104 रुग्णांवर मध आणि चांदीची क्रीम यांची तुलना प्रसिद्ध केली, मध सरस ठरला. नंतरच्या मोठ्या आढाव्यांतही मध्यम खोलीच्या भाजण्यावर मधाचा निकाल चांगला आला. पण जखमेसाठी निर्जंतुक केलेला मध वेगळा मिळतो. बरणीतल्या मधात जंतूंची बीजं असू शकतात, तो पोळीबरोबरच खावा.

फोड फोडू नका. त्याची साल हे जखमेवरचं फुकटचं, निर्जंतुक झाकण आहे. सांध्यावरचा मोठा, तट्ट फुगलेला फोड असेल तर डॉक्टर ठरवतील.

राहिली चांदीची पांढरी क्रीम, म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन. आमच्या वॉर्डात तिचे अर्धा-अर्धा किलोचे डबे यायचे. न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स फॉक्स यांनी 1968 मध्ये ती पुढं आणली आणि तिनं खोल, मोठ्या भाजण्यात असंख्य जीव जंतूंपासून वाचवले. तिचा अपमान मी करणार नाही. पण हातावर रुपयाएवढा फोड आणि त्यावर आठवडाभर चांदीची क्रीम, हे उलटं पडतं. ती जंतू मारते तशी नव्यानं येणाऱ्या कातडीच्या पेशींनाही त्रास देते. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात वरवरच्या आणि मध्यम भाजण्यात या क्रीमपेक्षा सिलिकॉनसारख्या न चिकटणाऱ्या ड्रेसिंगखाली जखमा लवकर भरल्याचं दिसलं. शिवाय दोन दिवसांत ती जखमेवर पिवळट-करडा, बुळबुळीत पापुद्रा धरते. नातेवाईक म्हणतात, 'सिस्टर, पू झाला!' पू नसतो, क्रीम आणि जखमेतला स्राव मिळून झालेलं ते दही असतं. पण त्याखाली काय चाललंय ते आम्हालाही दिसत नाही. ज्यांना सल्फाची अॅलर्जी आहे, रक्तपेशींना जपणाऱ्या जी6पीडी या एन्झाइमची कमतरता आहे, ज्या बायकांचे दिवस भरत आलेत, आणि दोन महिन्यांच्या आतलं बाळ, यांना ही क्रीम लावायचीच नाही. मेसेजात यातलं एक अक्षर नाही.

मग लावायचं काय? नुसतं लाल झालं असेल, फोड नसेल, तर पाण्यानंतर स्वच्छ कोरफडीचं जेल किंवा साधं व्हॅसलिन पुरतं. छोटे फोड असतील तर मेडिकलमधून पॅराफिन गॉझ, म्हणजे व्हॅसलिनसारख्या मलमात भिजवलेली जाळीची पट्टी, मागा, तो जखमेवर ठेवा, वर साधा गॉझ आणि सैल पट्टी. ड्रेसिंग वाळून चिकटलं तर ओढू नका, सलाइननं भिजवा. घरोघरच्या कपाटातल्या बर्नॉलमध्ये जंतुनाशकं आहेत, ते धग काढत नाही आणि त्याचा पिवळा रंग आमची नजर अडवतो. दवाखान्यात जायचं असेल तर काहीच लावू नका, स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक) सैल पांघरा किंवा हातावर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चढवा. आणि खाजेसाठी आणलेली स्टेरॉइडची ट्यूब भाजल्यावर कधीच नको, तिनं जखम भरणं लांबतं.

'डॉक्टरांची गरज पडणार नाही' हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. बोटांसकट आपला तळहात म्हणजे अंगाचा सुमारे एक टक्का. तेवढ्यापेक्षा मोठं भाजलं, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, नाजूक जागा भाजली, किंवा वीज, अॅसिड, चुना यांनी भाजलं, किंवा लहान मूल, म्हातारं माणूस असेल तर पाण्यानंतर सरळ दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही तिथं सांगा.

आणि दुखत नाही म्हणून घरी बसू नका. एक हलवाईकाम करणारा मुलगा आमच्याकडे सहाव्या दिवशी आला होता. पायावर जिलेबीचा पाक सांडला होता. पाक तेलासारखा ओघळून जात नाही, कातडीला धरून बसतो. पोटरीवर पांढरट, चामड्यासारखा टणक पट्टा होता. 'दुखत नव्हतं सिस्टर, म्हणून क्रीम लावत बसलो', तो म्हणाला. मी पट्ट्यावर सुई टेकवली. त्याला कळलंही नाही. तिथल्या संवेदनेच्या नसाच जळल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्याच्या मांडीची कातडी काढून तिथं लावावी लागली.