४ ते ८ हर्ट्झच्या 'आवाजा'बद्दल खुलासा

नाशिकमधल्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: '४ ते ८ हर्ट्झचा आवाज हेडफोनवर रोज ऐका, मेंदूच्या लहरी जुळतील, कानाचं मशीन काढून ठेवा.' कृपया असं करू नका.

हर्ट्झ म्हणजे एका सेकंदाला किती वेळा. आपल्या कानाला साधारण २० हर्ट्झच्या खालचं ऐकूच येत नाही. ४ ते ८ हा आकडा मेंदूतल्या थीटा लयीचा, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या एका संथ लयीचा आहे. बोलताना अक्षरं साधारण याच गतीने पडतात, ओठही त्याच गतीने उघडतात-मिटतात. पुष्कळदा ओठ आवाजाच्या किंचित आधी हलतात. ती हालचाल दिसली की मेंदूच्या श्रवणभागातली लय येणाऱ्या अक्षरासाठी सावरून बसते, असं संशोधक मानतात. डोळा ऐकण्यात किती शिरतो, हे १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं: 'गा' म्हणणाऱ्या तोंडावर 'बा'चा आवाज बसवला, तर अनेकांना 'दा' ऐकू आलं!

रविवार कारंजावर रिक्षांच्या गोंगाटात माझी आई मशीन लावूनही भाजीवालीच्या तोंडाकडे बघते, तेव्हाच तिला भाव कळतो. मी पाठमोरा बोललो की, "काय रे?"

तेव्हा मशीन कानातच राहू द्या. घरच्यांनी समोर, उजेडात बसून बोलावं. मशीनचा त्रास होत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) ते नीट बसवून घ्या.